टॉमसन, पीटर

(२३ ऑगस्ट १९२९–२० जून २०१८). विख्यात ऑस्ट्रेलियन व्यावसायिक गोल्फपटू. ब्रिटिश खुल्या गोल्फ स्पर्धेचा पाच वेळा विजेता, आशियाई गोल्फ दौऱ्याच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक आणि भारतीय खुल्या स्पर्धेचा पहिला मानकरी. पन्नाशी उलटल्यावर त्याने अमेरिकेतील ज्येष्ठ व्यावसायिकांच्या दौऱ्यात भाग घेतला व १९८५ या एकाच वर्षी नऊ स्पर्धा जिंकल्या. ऐन उमेदीच्या काळात अमेरिकेत त्याच्या वाट्याला फारसे यश आले नव्हते. त्यामुळे त्याच्या थोरवीविषयी घेतल्या जाणाऱ्या शंकेचे निरसन या उत्तरायुष्यातील कामगिरीने झाले. वाढत्या वयात खेळाडूजवळ काय उरते व काय ओसरते, हे समजून घेण्याच्या दृष्टीनेही त्याची कारकीर्द अभ्यासनीय आहे.

पूर्वायुष्य व प्रमुख विजय : पीटर विल्यम टॉमसनचा जन्म मेलबर्नच्या ब्रन्झविक या उपनगरात सामान्य स्थितीतील कुटुंबात झाला. घराजवळच्या सार्वजनिक मैदानावर तो लहानपणी गोल्फ शिकला. तंत्रशिक्षण घेतल्यानंतर त्याने काही काळ गोल्फचे चेंडू बनविणाऱ्या कंपनीत रबर-तंत्रज्ञ म्हणून काम केले व १९४९ मध्ये व्यवसाय म्हणून गोल्फ पतकरला. न्यूझीलंडची खुली स्पर्धा त्याने प्रथम १९५० मध्ये जिंकली. पुढे ती एकूण नऊ वेळा त्याच्याकडे आली. ऑस्ट्रेलियाचे खुले अजिंक्यपद त्याने १९५१, १९६७ व १९७२ मध्ये मिळविले.

ब्रिटिश खुली स्पर्धा ही या खेळातील सर्वांत जुनी मोठी स्पर्धा होय. तीत १९५२ ते १९५८ या सात वर्षांत टॉमसन एकदाही दुसऱ्या क्रमांकाच्या खाली गेला नाही. १९५४, १९५५ व १९५६ अशी लागोपाठ तीन वर्षे आणि पुन्हा १९५८ मध्ये तो विजयी झाला. १९५२, १९५३ व १९५७ या वर्षी तो उपविजेता होता. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन असून लागोपाठ तीनदा ती जिंकणारा विसाव्या शतकातील एकमेव खेळाडू आहे. केल नेगल या आपल्या देशबांधवासह त्याने १९५४ व १९५९ मध्ये कॅनडा चषक या जागतिक सांघिक स्पर्धेतही ऑस्ट्रेलियाला विजय मिळवून दिला.

अमेरिकेतील आक्षेप : या यशाकडे अमेरिकेत काहीशा साशंकतेने पाहिले जाई. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतील अनेक प्रमुख खेळाडू ब्रिटिश स्पर्धेसाठी समुद्र ओलांडून येत नसत. तेव्हा टॉमसनचे विजय दुय्यम प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे आहेत, हा पहिला आक्षेप होता. दुसरा आक्षेप चेंडूसंबंधी होता. ब्रिटनच्या नियमांनुसार किमान १·६२ इंच व्यासाचा, तर अमेरिकेत किमान १·६८ इंच व्यासाचा चेंडू वापरला जाई. लहान चेंडू वाऱ्यात कमी भरकटतो व खालून मारल्यास अधिक दूर जातो. साहजिकच, टॉमसनचे कौशल्य लहान चेंडूपुरते व समुद्रकाठच्या कठीण, वाळूमिश्रित जमिनीपुरतेच आहे, असे म्हटले जाई. अमेरिकेच्या दौऱ्यावर तो १९५० च्या दशकात अधूनमधून खेळला. १९५६ मध्ये तेथील राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याला चौथे स्थान मिळाले व त्याच वर्षी टेक्सस आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकली. परंतु त्या दौऱ्यावरील त्याचा हा एकमेव विजय ठरला.

यांपैकी पहिल्या आक्षेपाचे उत्तर १९६५ मध्ये रॉयल बर्कडेल मैदानावर मिळाले. आर्नल्ड पामर, जॅक निक्लस व गतविजेता टोनी लेमा हे अमेरिकेचे अग्रगण्य खेळाडू त्या वर्षी स्पर्धेत असताना टॉमसनने पाचव्यांदा ब्रिटिश अजिंक्यपद पटकाविले. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मिळण्यास मात्र आणखी वीस वर्षे जावी लागली.

खेळाची पद्धती : टॉमसनचा खेळ दिसण्यात साधा होता. काठीवरील पकड सैल, उभे राहण्याची ढब सहज व फटका आटोपशीर असे. फार लांब टोले मारण्याचा त्याने हव्यास धरला नाही. चेंडू कोठे पडला असता पुढचा टोला सोपा होईल, याचा विचार करून तो आधीचा टोला मारी. वाळूचे खड्डे, झुडपे व पाणी यांच्या जवळून जाण्याचा मोह टाळून मैदानाच्या रुंद भागाकडे चेंडू धाडणे, छिद्राभोवतीच्या हिरवळीवर तो उंचावरून आदळण्याऐवजी जमिनीलगत घरंगळत नेणे आणि जमिनीचा उतार, गवताची दाटी व वारा यांचा अंदाज घेणे, ही त्याची वैशिष्ट्ये होत. बळापेक्षा निवडीला महत्त्व देणारी ही पद्धती होती, आणि तिचे खरे मोल वय वाढल्यावर दिसून आले.

ज्येष्ठांचा दौरा : कुस्ती, कबड्डी किंवा धावणे यांसारख्या खेळांत पस्तिशीच्या आसपास स्पर्धात्मक कारकीर्द बहुधा संपते. गोल्फमध्ये प्रतिस्पर्ध्याशी शारीरिक झटापट नसते. किती कमी टोल्यांत चेंडू छिद्रात जातो एवढेच मोजले जाते. त्यामुळे उतारवयातही हा खेळ चांगल्या दर्जाने खेळता येतो. तथापि फटक्याचा वेग मंदावल्याने चेंडू पूर्वीइतका दूर जात नाही, पाठ व गुडघे कुरकुरू लागतात आणि छिद्रालगतच्या हलक्या टोल्याच्या वेळी हात थरथरण्याचा दोष अनेकांत उद्‌भवतो. तरुणांच्या बरोबरीने सलग चार दिवस खेळणे त्यामुळे कठीण जाते. पूर्वी अशा वयाचा व्यावसायिक एखाद्या क्लबात शिकवणी करून व साहित्याचे दुकान सांभाळून निर्वाह करीत असे.

अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फ संघटनेची ज्येष्ठांसाठीची स्पर्धा १९३७ पासून भरत होती. पण नियमित दौऱ्याची कल्पना रुजली ती १९७८ मध्ये टेक्ससमधील ऑस्टिन येथे सुरू झालेल्या ‘लेजंड्स ऑफ गोल्फ’ या जोड्यांच्या स्पर्धेमुळे. पहिल्याच वर्षी टॉमसन व नेगल यांची जोडी अंतिम दिवशी विजयाच्या अगदी जवळ आली होती. परंतु पासष्ट वर्षांच्या सॅम स्नीडने शेवटच्या तिन्ही छिद्रांवर अपेक्षेपेक्षा एकेक टोला कमी घेतला व गार्डनर डिकिन्सनसह एका टोल्याने सामना जिंकला. जुन्या नामांकित खेळाडूंची ही चुरस दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना आवडली. त्यातून १९८० मध्ये केवळ दोन स्पर्धांनिशी ज्येष्ठांचा दौरा अस्तित्वात आला आणि काही वर्षांतच तो जवळजवळ वर्षभर चालू लागला. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या खेळाडूंनाच त्यात प्रवेश असतो. बहुतेक स्पर्धा चारऐवजी तीन दिवसांच्या, म्हणजे ७२ ऐवजी ५४ छिद्रांच्या असतात. सर्वसाधारणतः मैदाने काहीशी आखूड ठेवतात, आणि पहिल्या फेऱ्यांनंतर मागे पडलेल्यांना वगळण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नसते. २००३ मध्ये या दौऱ्याला ‘चॅम्पियन्स टूर’ व २०१६ पासून ‘पीजीए टूर चॅम्पियन्स’ असे नाव मिळाले. युरोपातही १९९२ मध्ये असाच दौरा सुरू झाला.

१९८५ चे वर्ष : टॉमसन या दौऱ्याकडे उशिरा वळला. १९८२ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक लढविली व तीत थोडक्यात पराभव पतकरला. त्यानंतर त्याने स्पर्धात्मक गोल्फकडे पुन्हा लक्ष दिले. १९८४ मध्ये व्यावसायिक संघटनेच्या ज्येष्ठ अजिंक्यपदासह त्याने दोन स्पर्धा जिंकल्या. पुढल्या वर्षी तर त्याने नऊ स्पर्धांत विजय मिळविला व बक्षिसांच्या रकमेतही सर्वांत वरचे स्थान घेतले. त्या वेळी तो पंचावन्न-छप्पन्न वर्षांचा होता. त्याच्यापेक्षा केवळ अठरा दिवसांनी लहान असलेला पामर, डॉन जॅन्युअरी, मिलर बार्बर व ली एल्डर असे अमेरिकेचे नामवंत त्याचे प्रतिस्पर्धी होते. स्पर्धा अमेरिकेच्या मैदानांवरच्या होत्या व चेंडू मोठ्या व्यासाचा होता. म्हणजे ज्या परिस्थितीत त्याचा खेळ टिकणार नाही असे एकेकाळी म्हटले गेले होते, नेमक्या त्याच परिस्थितीत त्याने हे यश संपादन केले. चेंडूच्या व्यासाचा वादही तोवर मावळत चालला होता. ब्रिटिश खुल्या स्पर्धेत मोठा चेंडू १९७४ पासूनच सक्तीचा झाला होता व १९९० मध्ये लहान चेंडू सर्वत्र बाद झाला.

या यशाची कारणे त्याच्या पद्धतीत सापडतात. तारुण्यात लांब टोल्यांवर विसंबून राहिलेल्या खेळाडूचे मुख्य साधन वयाबरोबर क्षीण होते. टॉमसनचे साधन अंदाज, संयम व अचूक निवड हे होते आणि त्यांना वयाचा फारसा उपसर्ग पोचत नाही. एका हंगामात नऊ विजयांचा त्याचा विक्रम हेल अर्विनने १९९७ मध्ये गाठला. तो ओलांडणे मात्र कोणासही साधले नाही. एकूण विजयांच्या बाबतीत जर्मनीचा बेर्नहार्ट लांगर सर्वांच्या पुढे आहे. त्याने २०२४ अखेर या दौऱ्यावर ४७ विजय नोंदविले, आणि त्यांपैकी शेवटचा वयाच्या ६७ व्या वर्षी मिळविला. परंतु लांगरचे यश सतरा-अठरा वर्षांच्या सातत्याचे, तर टॉमसनचे एकवटलेल्या एका हंगामाचे आहे. १९८५ नंतर अमेरिकेच्या दौऱ्यावर त्याने एकही स्पर्धा जिंकली नाही व हळूहळू तेथून तो निवृत्त झाला. १९८८ मध्ये ब्रिटनमधील व्यावसायिकांचे ज्येष्ठ अजिंक्यपद त्याला मिळाले.

भारताशी संबंध : भारतात गोल्फ ब्रिटिश काळात आला. कोलकाता येथे १८२९ मध्ये व मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ संस्था स्थापन झाल्या. तथापि व्यावसायिकांसाठी मोठी राष्ट्रीय स्पर्धा स्वातंत्र्यानंतरही बराच काळ नव्हती. ऑस्ट्रेलियाहून युरोपकडे जाता-येता टॉमसन आशियातील देशांत थांबे, आणि तेथील स्पर्धा एका दौऱ्यात गुंफण्याच्या प्रयत्नांत त्याचा पुढाकार होता. त्याच्या प्रोत्साहनाने सुरू झालेली भारतीय खुली स्पर्धा १९६४ मध्ये दिल्ली येथे भरली व ती त्यानेच जिंकली. १९६६ व १९७६ मध्येही तो विजेता ठरला. दरम्यान १९६५ मध्ये कोलकाता येथे पी. जी. ऊर्फ बिल्लू सेठी या हौशी भारतीय खेळाडूने हे अजिंक्यपद मिळविले. भारतीय व्यावसायिकाच्या विजयासाठी मात्र १९९१ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी दिल्लीचे अली शेर यांनी हा मान मिळविला.

मैदानांचा रचनाकार म्हणूनही टॉमसनचे भारताशी नाते राहिले. दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानाची त्याने १९७६-७७ मध्ये फेररचना केली. बेंगळुरू येथील कर्नाटक गोल्फ संघाचे मैदानही त्याच्या सहभागाने आखले गेले. दिल्लीच्या मैदानावर दोन्ही बाजूंनी दाट झाडोरा असल्याने नुसता लांब टोला तेथे उपयोगी पडत नाही. चेंडू नेमक्या जागी ठेवावा लागतो. याच मैदानावर डिसेंबर २०१६ मध्ये मध्य प्रदेशातील महू येथील मुकेश कुमार यांनी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पॅनासोनिक खुली स्पर्धा जिंकली. देशांतर्गत शंभराहून अधिक विजय नावावर असलेल्या या खेळाडूचे आशियाई दौऱ्यावरील ते पहिलेच अजिंक्यपद होते. स्पर्धा ज्येष्ठांपुरती नसून सर्व वयांच्या खेळाडूंना खुली होती, हे ध्यानात घेता टॉमसनच्या खेळपद्धतीमागील तत्त्वाचा प्रत्यय येथेही येतो. पुढे २०१९ मध्ये गॅरी प्लेअरच्या आराखड्यानुसार या मैदानाचे रूप पुन्हा बदलण्यात आले.

इतर कार्य व योग्यता : टॉमसन १९६२ पासून तीन दशकांहून अधिक काळ ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक गोल्फ संघटनेचा अध्यक्ष होता. वृत्तपत्रांतील लेखन व दूरचित्रवाणीवरील समालोचन यांतही त्याने नाव मिळविले. त्याच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय संघाने १९९८ मध्ये मेलबर्न येथे अमेरिकेचा २०½–११½ असा पराभव करून प्रेसिडेंट्स चषक जिंकला. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूझ येथील ‘ड्यूक्स’ हे मैदान त्याच्या रचनांपैकी एक होय. १९८८ मध्ये जागतिक गोल्फ कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला व २००१ मध्ये ‘ऑफिसर ऑफ द ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा सन्मान त्याला लाभला. अखेरची काही वर्षे तो कंपवाताने आजारी होता. मेलबर्न येथे त्याचे निधन झाले.

ज्येष्ठांच्या दौऱ्याकडे गतवैभवाचे प्रदर्शन म्हणून पाहण्याचा कल त्याच्या प्रारंभकाळी होता. टॉमसनच्या १९८५ च्या हंगामाने या दौऱ्यातही अपुरी राहिलेली कसोटी पूर्ण होऊ शकते, हे दाखवून दिले. ब्रिटनमधील पाच विजयांनी त्याला कीर्ती दिली. त्या कीर्तीबद्दलचा वाद मिटला, तो मात्र पन्नाशीनंतर अमेरिकेच्या भूमीवर मिळविलेल्या नऊ विजयांनी.