बोट लागली की साखर उतरली?

दुधनीपासून मुंबईचा समुद्र रेल्वेने सुमारे पाचशे किलोमीटर. त्यामुळे आमच्या ओपीडीत ‘एस.टी. लागते’ ही तक्रार रोजची, ‘बोट लागली’ ही नवलाची. दिवाळीनंतर एक निवृत्त गुरुजी ती घेऊन आले. लेकीच्या कुटुंबाबरोबर ते गेटवेहून मांडव्याला गेले होते. तासाभराचा प्रवास. अर्ध्या वाटेत दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळे म्हणाले, बोट लागली, पडून राहा. शेजारच्या बाईंनी लिमलेटच्या गोळ्या दिल्या आणि दहा-पंधरा मिनिटांत गुरुजी उठून बसले.

“सकाळी काय खाल्लं होतं?”

“काहीच नाही. पोट रिकामं असलं की उलटी होत नाही म्हणाले.”

“आणि मधुमेहाची गोळी?”

“ती घेतली की! चुकवायची नाही, असं तुम्हीच सांगितलंय.”

सांगितलं होतं खरं. पण जेवण चुकलं तर गोळीचं काय करायचं, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. गुरुजींना बोट लागलीच नव्हती. रक्तातली साखर उतरली होती.

बोट का लागते?

आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. बोट हेलकावते तेव्हा कान मेंदूला सांगतो, ‘आपण हलतोय’. डोळ्यांसमोरचं बाक किंवा मोबाइल मात्र स्थिर दिसतो. या उलटसुलट निरोपांनी मेंदू गोंधळतो आणि मळमळ, जांभया, घाम, उलटी सुरू होते. साधारण पाच सेकंदांना एक असा संथ हेलकावा सर्वांत त्रासदायक. दोन ते बारा वर्षांची मुलं, गर्भवती आणि अर्धशिशीचे रुग्ण यांना त्रास जास्त. तो मनाचा कमकुवतपणा नव्हे. ‘बीगल’ जहाजावरून जग फिरलेल्या चार्ल्स डार्विनलाही तो अखेरपर्यंत छळत होता.

उपाय साधे आहेत

बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर, वारा लागेल अशा जागी बसावं. तिथे हेलकावे कमी जाणवतात. नजर क्षितिजावर किंवा दूरच्या किनाऱ्यावर ठेवावी. मोबाइल खिशात. पोट रिकामं नको, तुडुंबही नको; निघण्यापूर्वी भाकरी, पोहे असं हलकं काही खावं. ज्यांना नेहमी त्रास होतो त्यांनी प्रोमेथाझीन किंवा डायमेनहायड्रिनेटसारखी गोळी डॉक्टरांना विचारून, बोटीत बसण्याआधी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून उतरल्यावर गाडी चालवू नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, तर त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. दोन वर्षांखालील बाळांना प्रोमेथाझीन देऊच नये.

मधुमेहींनी हे लक्षात ठेवावं

घाम, मळमळ, चक्कर ही लक्षणं बोट लागल्याची तशीच साखर उतरल्याचीही. थरथर, धडधड, कडकडून भूक, असंबद्ध बोलणं दिसलं तर साखरेचा संशय धरावा. ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच नसेल, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांत हा धोका मोठा. नुसत्या मेटफॉर्मिनने क्वचितच. प्रवासात जेवण चुकणार असेल तर औषधाचं काय करायचं, हे आधीच विचारून घ्यावं. आणि घामाबरोबर छातीत दडपण असेल तर ‘बोट लागली’ म्हणून थांबू नये. हृदयविकाराची शक्यता धरून बोटीवरच्या कर्मचाऱ्यांना लगेच सांगावं.

शेवटचं, पण सर्वांत महत्त्वाचं. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि पंधरा जणांचा जीव गेला. पोहता येवो न येवो, बोटीत पाय ठेवताच लाइफ जॅकेट अंगात घालावं आणि त्याचे पट्टे आवळावेत. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

गुरुजी पुन्हा जाणार आहेत. या वेळी त्यांच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी-भाकरी आहे आणि सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी.