वीस हजार पाकिटांची गोष्ट

संगणकाच्या पाठ्यपुस्तकात ‘नेटवर्क’ नावाचा एक धडा असतो. त्यात लॅन, मॅन आणि वॅन यांच्या व्याख्या असतात. मुले त्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. पण हे जाळे जोडते कोण? रात्री दोन वाजता एखाद्या बँकेचे जाळे बंद पडले तर ते दुरुस्त कोण करतो, आणि कसे? या प्रश्नांची उत्तरे धड्यात नसतात. डॉक्टर, सुतार, बसचालक, शिक्षक यांना मुले काम करताना पाहतात. नेटवर्क सांभाळणारा माणूस मात्र त्यांना कधीच दिसत नाही. त्याचे काम नीट चालले असेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. बारावीनंतर अनेक मुले या क्षेत्रातल्या अभ्यासक्रमांना प्रवेश घेतात. घरची मंडळी फीसाठी कर्ज काढतात. हे काम नेमके कसे असते हे मात्र त्या घरात कोणालाच माहीत नसते. मग जाहिरातीतले शब्द हाच एक आधार उरतो. याला एक सोपा पर्याय आहे. हे काम करणाऱ्यांच्या आपापसातल्या गप्पा मुलांना ऐकवायच्या. अशा गप्पा आज पॉडकास्टच्या रूपात फुकट मिळतात.

पॉडकास्ट म्हणजे काय?

आकाशवाणीचा कार्यक्रम ठरल्या वेळी लागतो. तेव्हा ऐकला नाही तर गेला. पॉडकास्ट ही ध्वनिमुद्रित फाईल असते. ती हवी तेव्हा उतरवून घ्यायची आणि हवी तेव्हा ऐकायची. नवा भाग आला की श्रोत्याच्या यंत्राला तो आपोआप कळतो, कारण प्रत्येक कार्यक्रमाची एक यादी असते आणि यंत्र ती अधूनमधून तपासत राहते. बातम्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या अशा यादीत ध्वनीची फाईल जोडण्याची सोय डेव्ह वायनर यांनी २००० सालच्या अखेरीस केली. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकात वापरला. ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ यांची ती जोडणी होती.

नेटवर्कवाल्यांच्या पॉडकास्टपैकी एक जुना आणि प्रसिद्ध कार्यक्रम म्हणजे ‘पॅकेट पुशर्स’. ग्रेग फेरो आणि ईथन बँक्स यांच्या पुढाकाराने तो २०१० मध्ये सुरू झाला. नावाचा अर्थ ‘पाकिटे ढकलणारे’. आता ही पाकिटे कोणती, ते पाहू या. त्यासाठी याच कार्यक्रमाचा एक भाग आपल्यापर्यंत कसा येतो ते समजून घेऊ.

तासाभराच्या गप्पांची किती पाकिटे?

समजा, एक तासाचा भाग आहे आणि ध्वनीच्या प्रत्येक सेकंदासाठी ६४,००० बिट लागतात. तासाचे ३,६०० सेकंद. गुणाकार केला की २३,०४,००,००० बिट होतात. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे २,८८,००,००० बाइट. एवढी माहिती एकाच गठ्ठ्याने पाठवली जात नाही. तिचे तुकडे करतात. या एका तुकड्याला पाकीट म्हणायचे. सर्वसाधारणपणे एक पाकीट जास्तीत जास्त १,५०० बाइटांचे असते. त्यातले सुमारे ४० बाइट पत्ता, क्रमांक वगैरेंसाठी जातात. मजकुरासाठी १,४६० उरतात. भागाकार करा. उत्तर येते सुमारे १९,७००, म्हणजे जवळजवळ वीस हजार पाकिटे!

तुकडे कशासाठी? जुन्या टेलिफोन व्यवस्थेत दोन माणसे बोलत असताना त्यांच्यामधली तार त्यांच्यासाठीच अडकून राहत असे, मग ती दोघे गप्प बसली तरीही. पाकिटे केली की एकाच तारेवरून अनेकांची पाकिटे एकामागून एक जाऊ शकतात. एक रस्ता बंद झाला तर पुढची पाकिटे दुसऱ्या रस्त्याने पाठवता येतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस या दोघांना ही कल्पना स्वतंत्रपणे सुचली. ‘पॅकेट’ हा शब्द डेव्हिस यांचा.

पण वाटेत पाकीट हरवले तर? किंवा सातवे पाकीट पाचव्याच्या आधी पोहोचले तर? व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये यावरचा उपाय मांडला. पाठवणाऱ्याने क्रमांक घालायचा, घेणाऱ्याने पोच द्यायची आणि पोच आली नाही तर पाठवणाऱ्याने तेच पाकीट पुन्हा पाठवायचे. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे या पद्धतीवर गेले. आजचे इंटरनेटही याच पायावर उभे आहे.

वर्गात हे करून पाहता येईल. एक लांबलचक वाक्य दहा चिठ्ठ्यांवर तुकडे करून लिहा, पण क्रमांक घालू नका. चिठ्ठ्या हातोहात शेवटच्या बाकापर्यंत जाऊ द्या. मधल्या एखाद्या मुलाला गुपचूप दोन चिठ्ठ्या खिशात घालायला सांगा. शेवटच्या मुलाला वाक्य जुळवता येत नाही. आता नियम काय असावेत, हे मुलांनाच ठरवू द्या. क्रमांक, पोच आणि पुन्हा पाठवणे या तिन्ही गोष्टी मुले स्वतःच शोधून काढतात.

न दिसणारा रस्ता कसा शोधायचा?

आता नेटवर्क इंजिनिअरच्या रोजच्या कामाकडे येऊ. ‘साइट उघडत नाही’ अशी तक्रार येते. दोष आपल्या इमारतीत आहे, शहरात आहे, की समुद्रापलीकडे? पहिली चाचणी ‘पिंग’. ती माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिली. पाणबुडी शोधताना सोडलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून हे नाव पडले. पलीकडच्या यंत्राला हाक मारायची आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागला ते मोजायचे.

हा वेळ किती असू शकतो? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. जाऊन येऊन १४,४०० किलोमीटर, म्हणजे किमान ७२ मिलिसेकंद. केबल काही सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ जास्तच लागतो. कितीही महागडे यंत्र घेतले तरी तो ७२ च्या खाली आणता येत नाही. ‘आमचे काम पदार्थविज्ञानाशी बांधलेले आहे’ असे हे लोक म्हणतात ते यामुळेच.

दुसरी चाचणी याहून गमतीची आहे. प्रत्येक पाकिटावर ‘किती टप्पे जगायचे’ याचा एक आकडा असतो. वाटेतले प्रत्येक यंत्र, म्हणजे राउटर, तो आकडा एकाने कमी करते. शून्य झाला की राउटर पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसे कळवतो. वाट चुकलेली पाकिटे अनंतकाळ फिरत राहू नयेत म्हणून केलेली ही सोय. १९८७ मध्ये व्हॅन जेकबसन यांनी तिचा उपयोग करून घेतला. आधी मुद्दाम आकडा १ घालून पाकीट पाठवायचे. ते पहिल्याच राउटरपाशी संपते आणि तो राउटर निरोप पाठवतो, म्हणजे त्याचा पत्ता कळला! मग आकडा २, मग ३. अशा रीतीने निरोपांवरून सगळा रस्ता उलगडतो. विंडोज संगणकावर ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा देऊन मुलांना हे पाहता येईल. काही टप्प्यांवर नुसते तारे दिसतील. तो राउटर निरोप पाठवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मोठ्या चुका, मोठे धडे

नेटवर्कवाल्यांच्या गप्पांतला सर्वांत बोधप्रद भाग म्हणजे बिघाडांच्या गोष्टी. दोन पाहू.

२४ फेब्रुवारी २००८. पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करण्याचा आदेश दिला होता. त्यासाठी तिथल्या टेलिकॉम कंपनीने ‘यूट्यूबच्या या २५६ पत्त्यांकडे जाण्याचा रस्ता आमच्याकडून’ अशी सूचना आपल्या जाळ्यात घातली. ती सूचना देशाबाहेर निसटली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या गटासाठी होती. राउटरचा नियम असा, की जी सूचना जास्त नेमकी ती खरी मानायची. ‘पुणे’ आणि ‘पुणे, सदाशिव पेठ’ असे दोन फलक असतील तर पेठेत जाणारा दुसऱ्याच फलकामागे जाईल, तसेच हे. जगभरातून यूट्यूबकडे निघालेली पाकिटे पाकिस्तानकडे वळली आणि तिथे संपली. सुमारे दोन तासांनी परिस्थिती मूळपदावर आली.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या माहिती केंद्रांना जोडणारे मुख्य जाळेच तुटले. धोकादायक आज्ञा रोखण्यासाठी ठेवलेल्या प्रोग्रॅममध्येही दोष होता. पुढे नावांवरून पत्ते सांगणाऱ्या यंत्रांनी आपले रस्ते आपणहून मागे घेतले. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर होती! शेवटी इंजिनिअरांना प्रत्यक्ष माहिती केंद्रात जावे लागले.

या गोष्टींवरून मुलांना कामाचे खरे स्वरूप कळते. इथे आज्ञा पाठ असण्यापेक्षा जास्त महत्त्वाचे असते ते पायरीपायरीने विचार करणे, बदल करण्यापूर्वी तो मागे घेण्याची वाट आखून ठेवणे, केलेले लिहून ठेवणे आणि गोंधळात शांत राहणे.

नोकरीविषयी

बँका, रुग्णालये, कारखाने, रेल्वे, या सगळ्यांना नेटवर्कची माणसे लागतात. सुरुवात बहुधा तक्रार कक्षात किंवा पाळ्यांमध्ये चालणाऱ्या देखरेख केंद्रात होते. रात्रपाळी असते, सणासुदीलाही फोन येतो. अनुभवाने पुढे जाळ्याची आखणी, सुरक्षा अशी कामे मिळतात. सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा १९९८ पासून आहे आणि सुरुवातीला ती उपयोगी पडते. पण प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे. आता पुष्कळ कामे लहान प्रोग्रॅम लिहून केली जातात, त्यामुळे पायथनसारखी भाषाही यावी लागते. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘द आर्ट ऑफ नेटवर्क इंजिनिअरिंग’ या पॉडकास्टमध्ये माणसे या क्षेत्रात कशी आली, कुठे अडली, हे स्वतःच सांगतात.

ऐकवताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, भाषा इंग्रजी आणि वेग जास्त. म्हणून एका वेळी दहाच मिनिटे, वेग थोडा कमी करून ऐकवा. ऐकताना मुलांनी तीन अनोळखी शब्द आणि एक प्रश्न लिहायचा. दुसरी, अशा कार्यक्रमांचा खर्च बरेचदा यंत्रे विकणाऱ्या कंपन्या उचलतात. तेव्हा ‘हे सांगणाऱ्याचा यात फायदा काय?’ हेही मुलांना विचारायला शिकवा. फी भरण्यापूर्वी प्रत्येक जाहिरातीला विचारण्याजोगा हाच प्रश्न आहे.

आपल्या शाळेतून कोणी या क्षेत्रात गेले असेल, तर त्यांना एकदा वर्गात बोलवावे. फक्त यशाची गोष्ट मागू नये. ‘तुमच्या हातून बंद पडलेले जाळे तुम्ही कसे सुरू केलेत?’ असे विचारावे. मुले त्या तासाला घड्याळाकडे पाहणार नाहीत.