बिबट्याचा दांत, उसाचें पातें आणि औषधाची निवड

कुकडी व घोड या नद्यांवर धरणें झालीं, कालवे निघाले आणि जुन्नर-आंबेगांवच्या शिवारांत ऊस आला. त्या उसांत बिबट्याही वस्तीस आला. पकडलेल्या बिबट्यांसाठीं माणिकडोह येथें निवारा केंद्र आहे, हें आपण ऐकून असालच. परंतु आज मला बिबट्याविषयीं बोलावयाचें नाहीं. त्यानें ज्याचा दंड फोडला, असा एखादा शेतकरी रात्रीं मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयांत आला, तर त्याला कोणतें प्रतिजैविक द्यावें व तेंच कां, एवढाच माझा विषय आहे.

त्याच बांकावर आणखी दोघे बसले आहेत अशी कल्पना करा. एकाची पोटरी उसाच्या पात्यानें कापली होती. आतां पाय लाल, गरम व सुजलेला आहे. दुसऱ्याच्या पाठीवर लिंबाएवढें गळूं आहे. तिघांचेंही दुखणें कातडीचेंच. मग तिघांना एकच जालीम औषध कां देऊं नये?

पोटरी सुजली ती बहुधा स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळें. तेथें सेफालेक्सिनसारखें साधें औषध पुरतें. उतार पडत असेल तर पांच दिवस पुष्कळ झाले. लालीच्या कडेनें पेनानें रेघ ओढून ठेवतात, म्हणजे ती वाढते कीं ओसरते हें कळतें. गळवाची गोष्ट निराळी. तें बहुधा स्टॅफिलोकोकसचें असतें, आणि पुवांत औषध नीट शिरत नाहीं. पू न काढतां गोळ्या देणें म्हणजे कुलूप लावलेल्या घराबाहेरून चोराला दटावणें होय. आधीं चीर हवी. गळूं लहान व प्रकृति चांगली असल्यास कित्येकदां तेवढ्यावरच भागतें. ताप असेल, मधुमेह असेल, तर औषधाची जोड द्यावी लागते. पण या जंतूंपैकीं कित्येक आतां सेफालेक्सिनला जुमानीत नाहींत, म्हणून कोट्रायमॉक्सॅझोल किंवा डॉक्सिसायक्लिन निवडतात.

जंतूंचा हा उद्दामपणा नवा नव्हे. त्यांच्यापाशीं पेनिसिलीन फोडणारें द्रव्य असतें, हें अब्राहम व चेन यांनीं १९४० सालींच दाखविलें. म्हणजे ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास तें औषध टोंचण्याच्याही आधीं. आमच्या पिंपरीच्या कारखान्यांत पेनिसिलीन तयार होऊं लागलें तें १९५५ सालीं.

आतां बिबट्याचा रुग्ण. मार्जारकुळांतील प्राण्यांच्या तोंडांत पाश्चरेला नांवाचा जंतु असतो, आणि हवेवांचून वाढणारे जंतूही असतात. गंमत अशी कीं, पोटरीला जें सेफालेक्सिन उत्तम, तेंच पाश्चरेलापुढें लंगडें पडतें. म्हणून येथें अ‍ॅमॉक्सिसिलीन व क्लॅव्हुलॅनेट यांची जोडी देतात. यांतील क्लॅव्हुलॅनेट तें फोडणारें द्रव्यच निकामी करतें. पेनिसिलीनची ज्याला बाधा होते, त्याला डॉक्सिसायक्लिन व मेट्रोनिडॅझोल देतां येतें.

परंतु निवड अचूक झाली तरी पिसाळरोगावर यांतील एकही औषध चालत नाहीं, कारण तो विषाणूचा रोग. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुणें, जखमेंत प्रतिद्रव्याचें इंजेक्शन आणि लशीच्या सर्व मात्रा, यांना पर्याय नाहीं. धनुर्वाताची लसही पाहावी. खोल जखम घाईनें शिवूं नये. चेहऱ्याचा अपवाद असतो. जखमेंत हळद भरून तास दोन तास घरींच काढणारे लोक अजून भेटतात, याचें वाईट वाटतें.

राहिला एक प्रसंग. पोटरीवाल्याच्या वेदना दिसणाऱ्या सुजेहून फार अधिक असतील, कातडी काळी-निळी पडूं लागली असेल, फोड येत असतील, किंवा तो भ्रमांत बोलूं लागला असेल, तर आंतील मांसावरण सडूं लागल्याचा संशय धरावा. मग प्रतिजैविक शिरेंतून लगेच सुरू करावयाचें, पण तेवढ्यानें भागत नाहीं. सडलेला भाग कापून काढावा लागतो, आणि ती सोय जवळ नसेल तर त्याच रात्रीं रुग्णाला पुण्याच्या वाटेला लावावें लागतें.