संगणकाच्या श्वासकेंद्रातला बिघाड

१९ जुलै २०२४. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळत होते. ब्रिटनमधल्या अनेक फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येत नव्हत्या. बोस्टनच्या मास जनरल ब्रिगहॅम रुग्णालय-समूहाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया आणि भेटी रद्द केल्या. हा व्हायरस नव्हता, हल्लाही नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले होते.

एवढ्याशा चुकीने एवढा अनर्थ कसा झाला? शरीराचे उदाहरण घेऊ. बोटाला जखम झाली तरी माणूस चालतो-बोलतो. पण मेंदूच्या तळाशी, श्वास चालवणाऱ्या केंद्रात तेवढीच इजा झाली तर जीव जातो. संगणकातले हे केंद्र म्हणजे कर्नल. मेमरी, प्रोसेसर, डिस्क यांचा कारभार तोच पाहतो. साधा प्रोग्रॅम बिघडला तर तेवढाच बंद पडतो. ड्रायव्हर मात्र बहुधा कर्नलच्या आत चालतो. तिथे त्याला आवरणारे वर कोणी नसते. त्याने नको तिथली मेमरी वाचली, तर आणखी नुकसान नको म्हणून विंडोज सगळेच थांबवते आणि निळा पडदा दिसतो.

त्या दिवशी नेमके हेच झाले. नव्या फाइलला २१ वी नोंद तपासायची होती, पण कोडकडे नोंदी २० च होत्या. ड्रायव्हर रीतसर तपासून प्रमाणित झालेला होता, रोज येणाऱ्या फाइल मात्र त्या तपासणीबाहेर होत्या. सिरिंज निर्जंतुक, पण आतले औषध न तपासलेले, असा हा प्रकार. कंपनीने ७८ मिनिटांत अपडेट मागे घेतले. पण बंद पडलेला संगणक सुरूच होत नसल्याने दुरुस्ती बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी जाऊन, हाताने करावी लागली.

मग कर्नलमध्ये बाहेरचे काही घालूच नये का? तसे चालत नाही. नवे यंत्र जोडायचे तर ड्रायव्हर लागतोच. पण उपाय आहेत. लिनक्समधली ‘ईबीपीएफ’ ही सोय बाहेरचा छोटा प्रोग्रॅम कर्नलमध्ये चालवण्याआधी तपासते आणि तो असुरक्षित वाटल्यास नाकारते. ॲपलने २०१९ पासून असे बरेच काम कर्नलबाहेर नेण्यास सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टही आता सुरक्षा सॉफ्टवेअरबाबत त्याच वाटेने निघाली आहे.

रुग्णालयांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. अपडेट आधी मोजक्या संगणकांवर चालवून पाहावे, मग सगळीकडे न्यावे. नवे औषधही आपण एकदम सगळ्या वॉर्डांत सुरू करत नाही. दुसरे म्हणजे केसपेपर, औषधांचा तक्ता आणि रक्तगटाची नोंद कागदावर ठेवण्याची सवय मोडू देऊ नये. पडदा निळा झाला तरी रुग्णाला पुढचा डोस वेळेवरच द्यावा लागतो.