येणार येणार म्हणता म्हणता

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक जुनी फाइल आहे. तिच्यावर मी कधीतरी मोठ्या अक्षरांत ‘चिकटे’ असं लिहून ठेवलं. ती नातेवाइकांविषयी आहे, अशी घरात सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात तिच्यात खडकाला, होडीच्या तळाला, धक्क्याच्या खांबाला चिकटून आयुष्य काढणाऱ्या प्राण्यांची टिपणं आहेत. लहानपणी आजोळी ओहोटीच्या वेळी शिनाणे उपटताना बोटं कापून घेतली होती. एवढ्याशा जिवाने दगड असा हट्टाने का धरावा, हा प्रश्न तेव्हा जो मागे लागला तो सुटलाच नाही.

त्या फाइलीतलं सर्वांत जाड पुडकं झेब्रा शिंपल्याचं. त्याची गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेली असते, म्हणून भरभर सांगतो. जेमतेम नखाएवढा, पट्टेरी, गोड्या पाण्यातला हा शिंपला. मूळ गाव कॅस्पियन आणि काळ्या समुद्राचा परिसर. १७७१ साली पीटर सिमॉन पॅलासने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला समुद्री शिनाण्यांच्या पंगतीला बसवलं. तिथे पॅलास फसला. रूप शिनाण्याचं असलं, तरी याचं कूळ तिसऱ्यांच्या जवळचं. पुढे युरोपात नद्या जोडणारे कालवे झाले, त्यांतून तो पश्चिमेकडे सरकला आणि १८२४ साली लंडनच्या गोदीत सापडला. १९८८ साली तो अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या पंचमहासरोवरांत दिसला. त्यानंतर वर्षभरात मिशिगनमधल्या मन्रो इथल्या वीजकेंद्रात चौरस मीटरला सात लाख शिंपले मोजले गेले, आणि त्याच हिवाळ्यात त्या गावाचा पाणीपुरवठा ठप्प झाला. पाठोपाठ त्याचा चुलतभाऊ क्वागा शिंपला आला आणि झेब्र्याला न झेपणाऱ्या थंड, खोल तळापर्यंत पसरला. दोघेही पाणी गाळून त्यातले सूक्ष्मजीव खातात. पाणी काचेसारखं झालं, लोक आधी हरखले. पण सरोवराच्या हिशेबात नितळ म्हणजे उपाशी. माशांच्या पिल्लांचं अन्न शिंपल्यांच्या पोटात गेलं होतं. तिथले मूळचे शिंपले तर अंगावर बसलेल्या या पाहुण्यांच्या ओझ्याखालीच जवळजवळ संपले.

हे सगळं भयंकर आहेच, पण माझा जीव अडकला तो एका तारखेत : १ जून १९८८. त्या दिवशी विंडसर विद्यापीठातल्या तरुण संशोधकांची एक तुकडी सेंट क्लेअर सरोवराचा तळ तपासत होती. तळातून वर आलेल्या दगडांना एक अनोळखी शिंपला चिकटलेला निघाला. तो तिथले प्राध्यापक पॉल हिबर्ट यांच्यापर्यंत पोहोचला. प्राण्यांची जात डीएनएच्या तुकड्यावरून ओळखण्याची बारकोड पद्धत ज्यांच्या नावाने पुढे गाजली, तेच हे हिबर्ट. १९८९ साली निबंध छापून आला आणि ही तारीख पाठ्यपुस्तकांत, सरकारी पत्रकांत, माहितीपटांत जाऊन बसली. अमुक दिवशी शत्रू आला. किल्ला पडल्याची तारीख असावी, तशी.

वीस वर्षांनी, २००८ साली, जेम्स कार्लटन यांनी तिला सुरुंग लावला. परक्या समुद्री जीवांच्या प्रवासाचा अभ्यास करण्यात या माणसाची हयात गेली. त्यांनी जुन्या नोंदी उकरून दाखवल्या. ईरी सरोवराच्या कॅनडाकडच्या भागात तळातून नैसर्गिक वायू काढतात. त्या विहिरींच्या तोंडांवर आणि त्यांच्या खुणेच्या तरंगत्या पिंपांवर १९८६ सालीच झेब्रा शिंपले चिकटलेले होते. म्हणजे तारखेच्या दोन वर्षं आधी, आणि तेही शेजारच्या सरोवरात. लोखंडाला काहीतरी चिकटलंय, एवढंच तेव्हा कुणाच्या तरी डोळ्यांसमोर आलं असणार. लोखंडाला काही ना काही चिकटतच असतं.

वरवर पाहता हा अभ्यासकांचा किरकोळ वाद. मला तो मुळावर घाव घालणारा वाटतो. शिंपला आला ती तारीख आणि तो आपल्याला दिसला ती तारीख, या दोन्हींत आपण सर्रास गल्लत करतो. पहिली शिंपल्याच्या चरित्रातली, दुसरी आपल्या.

आणि दिसण्याच्याही आधीची एक तारीख असते, कुणीतरी सांगून ठेवल्याची. माझ्या पुडक्यातले सर्वांत मोलाचे कागद त्याच जातीचे आहेत.

पहिला १९८१ सालचा. परदेशातून येणाऱ्या जहाजांच्या पोटातल्या पाण्यात काय काय असतं, हे कॅनडाच्या पर्यावरण खात्याने एका सल्लागार संस्थेकडून तपासून घेतलं होतं. रिकामं जहाज समुद्रात डुलू नये म्हणून टाक्यांत पाणी भरून घेतात, हे बॅलास्टचं पाणी. माल चढवण्याच्या बंदरात ते ओतून देतात. युरोपातल्या नदीमुखाशी भरलेलं पाणी धान्य न्यायला आलेलं जहाज सरोवरात सोडतं. गोड्या पाण्यातल्या जिवाला महासागर ही अभेद्य भिंत होती. टाकीने त्या भिंतीत दार पाडलं. या अहवालासाठी पंचावन्न जहाजांचं पाणी तपासलं गेलं, त्यात जिवंत प्राणी सापडले, आणि सरोवरांत तग धरू शकतील अशा संभाव्य पाहुण्यांत झेब्रा शिंपल्याचं नाव होतं. अहवाल सादर झाला. सात वर्षांनी शिंपलाही दिसला. समुद्राच्या मध्यावर टाकीतलं पाणी बदलून घ्या, असा अमेरिकेचा सक्तीचा नियम सरोवरांपुरता आला तो १९९३ साली.

दुसरा कागद त्याहून साठ वर्षांनी जुना आणि माझा फारच लाडका. १९२१ साली ‘द नॉटिलस’ या शंख-शिंपल्यांना वाहिलेल्या छोट्या अमेरिकी त्रैमासिकात चार्ल्स विलिसन जॉन्सन यांनी एक टिपण लिहिलं. हे जॉन्सन बॉस्टनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे अभिरक्षक. त्यांचं खरं नाव झालं ते माशांच्या, म्हणजे घरात घोंगावणाऱ्या माश्यांच्या अभ्यासात. शंख-शिंपले हे त्यांचं दुसरं घर, आणि त्या त्रैमासिकाचं संपादनही ते हेन्री पिल्सब्री यांच्याबरोबर वर्षानुवर्षं करत होते. टिपणाचा विषय होता अमेरिकेतली एक समुद्री गोगलगाय. अमेरिकी कालवांबरोबर ती इंग्लंडला पोहोचली आणि तिथल्या कालवांच्या शेतांत उपद्रव करू लागली. म्हणजे तक्रार उलट्या दिशेची : आमचा प्राणी तुमच्याकडे. जॉन्सनचा मोठेपणा इथे आहे, की त्यांनी वाहतूक फिरवून पाहिली. आमचं तिकडे जातं, तर तिकडचं इकडे का येणार नाही? आणि येऊ शकेल असा जीव म्हणून त्यांच्या मनात आला झेब्रा शिंपला. त्याची इकडे येण्याची शक्यता त्यांनी नोंदवली, आणि १९३२ साली ते वारले. सदुसष्ट वर्षांनी पत्ता चुकला नाही, हे पाहायला ते नव्हते.

कोणतंही यंत्र, कोणताही सर्व्हे हाताशी नसताना हे सुचलं, कारण माणूस दोन कपाटांत वावरणारा होता, असं माझं ठाम मत आहे. एकाच कपाटात आयुष्य काढणाऱ्याला दाराची दोन्ही अंगं दिसत नाहीत.

आपल्याकडेही एक तारीख आहे. झेब्रा शिंपल्याच्याच कुळातला एक काळ्या पट्ट्यांचा शिंपला, मूळचा मेक्सिकोच्या आखाताच्या आणि कॅरिबियनच्या बाजूचा, १९६७ साली विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत सगळं त्याला चालतं. पुढे तो मुंबईच्या नौदल गोदीतही दिसला. १९७५ साली त्याच्यावर जो निबंध आला, त्याच्या शीर्षकातच ‘भारतीय बंदरांतला ताजा स्थलांतरित’ असे शब्द आहेत. शास्त्रीय निबंधाला इतकं चटपटीत शीर्षक क्वचितच मिळतं. मुंबईत आलेल्याला ताजा स्थलांतरित म्हणणं तर फारच मुंबईकर.

याच शिंपल्याने ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात १९९९ च्या मार्चमध्ये दर्शन दिलं. मला ठाऊक असलेली जवळजवळ एकमेव सुखान्त कथा तिथे घडली, आणि तिचं कारण अगदी रूक्ष आहे. तो जिथे सापडला त्या कलन बे मरीनाची, म्हणजे होड्यांच्या बंदिस्त बंदराची, आदल्या सप्टेंबरात पाहणी झाली होती आणि तेव्हा हा शिंपला तिथे नव्हता. सहा महिन्यांत चौरस मीटरला तेवीस हजारांहून अधिक! डार्विनला भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, म्हणून तिथल्या मरीनांना पाणी अडवणारे दरवाजे असतात. ते बंद केले. दीडशे टनांहून जास्त ब्लीच आणि काही टन मोरचूद ओतला. आतलं बाकीचंही बरंच मेलं, पण महिनाभरात शिंपला संपला. औषधाचं कौतुक सगळे करतात. मी करतो ते सप्टेंबरातल्या त्या कंटाळवाण्या पाहणीचं. ‘काही सापडलं नाही’ असं लिहिलेला कागद हाताशी होता, म्हणून नवा कोण ते लगेच कळलं.

सरोवरांना दरवाजे नसतात. जॉन्सनच्या टिपणाला आणि १९८१ च्या अहवालाला एखाद्या सप्टेंबराची जोड मिळाली असती, तर ईरीतल्या त्या विहिरीच्या तोंडाशी कुणी थबकलं असतं का? थबकलं असतं, असं मला वाटतं. शिंपला कदाचित तरीही जिंकला असता. पण मन्रोच्या लोकांना नळ कोरडा पडल्यावर त्याचं नाव कळायची वेळ आली नसती.

फाइलीत शेवटची भर दोन ओळींची आहे. चीन आणि आग्नेय आशियातला सोनेरी शिंपला १९९१ साली अर्जेंटिनात पोहोचला होता. उत्तर अमेरिकेत तो कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन बंदरात मिळाला, जलखात्याचे कर्मचारी आपलं नेहमीचं काम करत असताना. संशय पुन्हा जहाजांवरच. तारीख १७ ऑक्टोबर २०२४.

तारखेपुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.