पहिले पान कोण लावते?

वृत्तपत्राच्या कचेरीत रात्री पान लागते तेव्हा लीड कुठली, अँकर कुठला, कुठली बातमी सिंगल कॉलमात बसवायची हे डेस्कवरची दोन-चार माणसे ठरवतात. वाचक दुसऱ्या दिवशी त्यावर कुरकुरतो, फार तर संपादकांना पत्र लिहितो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काही हिकमती मंडळींनी हे डेस्कच वाचकांच्या हवाली करून पाहिले. बातमीचा दुवा वाचकांनी आणायचा, मते देऊन तो वर चढवायचा किंवा खाली ढकलायचा आणि त्याखाली राजकारणावर मनसोक्त वाद घालायचा. मागे ना वृत्तसमूह, ना पक्षाचा पैसा. हा प्रयोग अमेरिकेत झाला, स्पेनमध्ये झाला, थोडासा मराठीतही झाला. त्याचा ताळेबंद मांडताना एक गोष्ट वारंवार समोर येते. अशा स्थळावरून संपादक हद्दपार होत नाही. तो नियमांत जाऊन बसतो आणि तिथे तो सहसा दिसत नाही.

पाच गुण, तीन दिवस

रॉब माल्डा या मिशिगनमधील कॉलेज विद्यार्थ्याने १९९७ मध्ये 'स्लॅशडॉट' सुरू केले. बातम्या तो आणि त्याचे मित्र निवडत. प्रतिक्रिया मात्र इतक्या येऊ लागल्या की त्या चाळणे हाताबाहेर गेले. आधी पंचवीस विश्वासू माणसे नेमली, मग चारशे, आणि अखेर हे काम सगळ्या नियमित वाचकांवर सोपवले. व्यवस्था चोख होती. संगणक अधूनमधून एखाद्या वाचकाला पाच गुण देई. ते तीन दिवसांत वापरायचे, नाहीतर बाद. प्रतिक्रियेला उणे एक ते पाच अशी श्रेणी मिळे आणि तिच्यासोबत कारणही नोंदवावे लागे: मार्मिक, माहितीपूर्ण, विनोदी, चिथावणीखोर. ज्या चर्चेत स्वतः लिहिले तिथे गुण देता येत नसत. पुढे, दिलेले गुण रास्त होते का हे तपासणारा दुसरा थरही आला.

क्लिफ लँप आणि पॉल रेझनिक यांनी २००४ मध्ये या पद्धतीचा अभ्यास केला. चांगले आणि वाईट वेगळे करण्यात वाचकांचा न्याय बहुधा बरोबर निघाला. पण त्याला वेळ लागत होता. चर्चा रंगात आल्यावर उशिरा आलेली किंवा मुळातच कमी गुणांवर सुरू झालेली चांगली प्रतिक्रिया बऱ्याचदा दुर्लक्षितच राही.

रस्टी फॉस्टर याचे 'कुरोशिन' (१९९९) आणखी एक पाऊल पुढे गेले. तिथे लेखसुद्धा वाचकांच्या रांगेत उभा राही. पहिल्या पानावर घ्या, आतल्या विभागात घ्या, फरक पडत नाही किंवा फेकून द्या, यांपैकी एक मत प्रत्येकाने द्यायचे. 'स्कूप' ही त्यामागची प्रणाली फॉस्टरने सर्वांना खुली ठेवली. इराक युद्धाच्या वर्षी, २००३ मध्ये, मार्कोस मूलित्सास याने आपले 'डेली कोस' तिच्यावर आणले. लष्करात नोकरी केलेला हा माणूस आपण डेमोक्रॅटिक पक्षाचे आहोत हे लपवत नव्हता. त्याच्या स्थळावर कोणीही सदस्य रोजनिशी लिही आणि इतरांची शिफारस मिळाली की ती ठळक जागी येई. २००७ मध्ये या मंडळींच्या शिकागो येथील मेळाव्याला हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांनी हजेरी लावली. पाच वर्षांपूर्वी एकट्या माणसाने सुरू केलेल्या स्थळाची ही पत होती.

पहिल्या दहा मतांची किंमत

२००५ मध्ये सुरू झालेल्या 'रेडिट'ने २००८ मध्ये आपली प्रणाली खुली केली आणि पानावरचा क्रम लावणारे सूत्र जगापुढे आले. ते दोन ओळींत मावते. बाजूच्या मतांतून विरोधी मते वजा करायची, उरलेल्या आकड्याचा दहाच्या पायावर लॉगॅरिदम घ्यायचा आणि त्यात बातमी किती ताजी आहे याचे गुण मिळवायचे. दर ४५,००० सेकंदांना, म्हणजे साडेबारा तासांना एक गुण. लॉगॅरिदममुळे पहिल्या दहा मतांना जेवढे वजन, तेवढेच पुढच्या नव्वद मतांना. साडेबारा तास शिळ्या बातमीला टिकून राहायचे तर नव्या बातमीच्या दहापट मते हवीत.

यात कुणाचे कारस्थान नाही. पण परिणाम बघा. सकाळी टाकलेल्या सविस्तर अहवालावर लोक विचार करून संध्याकाळी मत देतील, तोवर तो खाली गेलेला असतो. चटकन हसवणारे चित्र किंवा चटकन चिडवणारा मथळा पहिल्या मिनिटांत दहा मते घेतो आणि वर बसतो. साडेबारा तास हा आकडा कोणीतरी ठरवला होता. डेस्कवरच्या वरिष्ठाने 'ही बातमी उद्यावर टाका' म्हणावे, तसाच तो निर्णय आहे.

ल्येव मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. अशाच एका स्थळावर पाच महिन्यांत आलेल्या १,०१,२८१ प्रतिक्रियांपैकी काहींना जन्मतःच एक बाजूचे, काहींना एक विरोधी मत त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे देऊन टाकले. बाजूचे मत मिळालेल्या प्रतिक्रियेला पहिला वाचक दुजोरा देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि तिची अंतिम श्रेणी सरासरी २५ टक्क्यांनी वर गेली. विरोधी मताची भरपाई मात्र पुढचे वाचक करून टाकत. हे मेंढरासारखे मागे जाणे सगळ्या विषयांत नव्हते. राजकारण, समाज-संस्कृती आणि उद्योग यांत ते दिसले.

राजकारण आले की

हे ज्यांना आधी उमगले त्यांनी टोळ्या बांधल्या. केव्हिन रोझ याच्या 'डिग'वर बातमी गाडण्याचे बटण होते. ऑगस्ट २०१० मध्ये उघड झाले की उजव्या विचारांच्या शंभरेक सदस्यांचा एक गट आपसांत निरोप देऊन उदारमतवादी बातम्या पहिल्या पानावर येण्याआधीच गाडत होता. 'हॅकर न्यूज'वर मतांच्या मानाने प्रतिक्रिया फार वाढल्या की वादाची शंका घेऊन बातमी खाली ढकलणारी यंत्रणा आहे. तरीही ट्रम्प निवडून आल्यानंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, संचालकांनी आठवडाभर राजकारण बंद ठेवल्याचे जाहीर केले. आठवडा सरण्याआधीच ते मागे घ्यावे लागले. पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर, व्हिसाचे नियम, कंपन्यांची मक्तेदारी यांत राजकारण कुठे संपते, हे सांगणार कोण?

विरोधी मतांनी माणूस सुधारतो, हा समजही फसवा आहे. जस्टिन चेंग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चार संकेतस्थळांवरच्या प्रतिक्रिया तपासल्या. ज्यांना खाली ढकलले ते गप्प बसले नाहीत. ते अधिक लिहू लागले, अधिक वाईट लिहू लागले आणि इतरांनाही अधिक विरोधी मते देऊ लागले.

वर्गणी, जाहिरात, भागधारक

प्रणाली फुकट मिळते, सर्व्हरचे भाडे परवडते. खर्चाची बाब म्हणजे रोज वाचून निवाडा करणारी माणसे. 'मेटाफिल्टर'ने २००४ पासून नव्या सदस्याकडून एकदाच पाच डॉलर घ्यायला सुरुवात केली. रक्कम किरकोळ, पण केवळ चिखलफेकीसाठी खाते उघडणारा त्यामुळे दोनदा विचार करी. चरितार्थ मात्र जाहिरातींवर होता. गूगलने शोधाचा क्रम बदलला, तशी वाट्याची वर्दळ आटली आणि २०१४ मध्ये तिथे माणसे कमी करावी लागली. मग वाचकांनी मासिक मदत सुरू केली. स्पेनमधील 'मेनेआमे'वर वेगळेच संकट आले. बातमीच्या त्रोटक उताऱ्यासाठीही वृत्तपत्रांना मोबदला देण्याचा कायदा जानेवारी २०१५ पासून लागू झाला आणि हा हक्क वृत्तपत्राला स्वतःहूनही सोडता येत नव्हता. गूगलने तिथली बातमीसेवा बंद केली. छोट्या स्थळाला तशी चैन नव्हती.

'डिग'ने ऑगस्ट २०१० मध्ये नवी आवृत्ती आणली. प्रकाशकांना आपल्या बातम्या थेट आत सोडण्याची मुभा मिळाली आणि वाचक तडक 'रेडिट'कडे निघून गेले. पुढे 'रेडिट'नेही तेच वळण घेतले. जून २०२३ मध्ये बाहेरच्या ॲपना जबर शुल्क लावले, तेव्हा वर्षानुवर्षे बिनपगारी राबणाऱ्या नियंत्रकांनी हजारो विभागांना टाळे लावले. कंपनी बधली नाही. मार्च २०२४ मध्ये तिचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात आले. खपले एक, मालक दुसरेच.

आपल्या अंगणात

मराठीत 'मायबोली' १९९६ पासून आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या 'ऐसी अक्षरे'ने प्रतिसादांना मार्मिक, रोचक, खोडसाळ, निरर्थक अशा श्रेणी देण्याची सोय केली. स्लॅशडॉटची कल्पना इथे अस्सल मराठी खवचटपणासह नांदली. कायद्याचा धडाही महाराष्ट्रातूनच आला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर एका तरुणीने लिहिले, दुसरीने ते पसंत केले आणि दोघींना पालघरमध्ये अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. चर्चा चालवणाऱ्याच्या दृष्टीने त्याच निकालातला कलम ७९ वरचा भाग अधिक मोलाचा आहे: कोणीही तक्रार केली म्हणून मजकूर उडवण्याची सक्ती नाही, त्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना हवी. २०२१ च्या नियमांनी तक्रार अधिकारी नेमणे भाग पाडले. डिजिटल प्रकाशकांना आचारसंहितेत बांधणाऱ्या त्यातल्या दोन तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली.

म्हणजे कायदा एकट्या चालकालाही थोडी जागा देतो. ती जागा टिकते ती नियम उघडे ठेवल्याने. २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'लॉब्स्टर्स'वर नियंत्रकाने काहीही उडवले तर त्याची नोंद कारणासह सर्वांना दिसते. नवा सदस्य कोणाच्या आमंत्रणावर आला हेही दिसते. अशा ठिकाणी पक्षपात होणार नाही असे नाही, पण झालाच तर तो दाखवून देता येतो. उद्या कोणी मराठीत असे स्थळ काढले, तर तिथे खाते उघडण्याआधी वाचकाने एवढेच विचारावे: काल काय उडवले, कोणी उडवले आणि का? उत्तर मिळाले, तर खुशाल भांडायला उतरावे.