कर्णधार कोण ठरवतो?

हिवरखेडच्या पानठेल्यावर क्रिकेटच्या संघनिवडीवर वाद पेटला, की आम्ही बाळू पालवणकरांचे नाव काढतो. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेणारा हा चर्मकार समाजातला गोलंदाज. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले नाही. 1920 मध्ये तर संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी बाणेदारपणे माघार घेतली. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, त्यामागे हा झगडा होता. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये बहुसंख्य खेळाडू काळे, प्रशिक्षक मात्र बहुतेक गोरे. म्हणून 2003 पासून तिथे मुख्य प्रशिक्षक नेमण्यापूर्वी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत सक्तीची झाली. मुलाखतच हं, नेमणूक नव्हे! आपल्या क्रिकेट मंडळावर तेवढेही बंधन नाही. खेळाडूला का वगळले, हे निवड समितीने लेखी द्यावे, ही आमची मागणी आहे.